ककणेराचं झाड आणि उक्ता सौदा : कोकणातल्या एका मालकी जंगलाचं प्रकरण

(गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. व्यवहाराचा क्रम आणि त्यातले पेच तसेच ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीतलं हे प्रकरण. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं क्षेत्र अगदीच थोडं आहे. डोंगरउतारावर जे रान दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. या वाडीतलंही तसंच होतं. चाळीसेक एकर, एकच उतारा, सगळं सामायिक. मूळ पुरुषाच्या चार मुलांच्या शाखा वाढत वाढत नावं तिसाच्या वर गेलेली. त्यातली दोनच घरं गावात राहतात. बाकीची विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेली, शिमग्याला आणि गणपतीला येणारी. जमिनीची वहिवाट थोरल्या काकांकडे, आणि मोठा निर्णय असला की तो गणपतीत ओटीवर बसून घ्यायचा, अशी रीत.

हे रान हात न लागलेलं अरण्य नव्हे. भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, इथे पिढ्यानपिढ्या ऐन-किंजळाची कवळ (पानांसकट कोवळ्या फांद्या) तोडली गेली. पुढे माणसं मुंबईला गेली, रासायनिक खत आलं, राब कमी झाला आणि तोड वाढली. दहा-पंधरा वर्षांनी एकदा ठेकेदाराला रान विकायचं. बुंध्यांना फुटवे येतात, पुन्हा तेवढी वर्षं थांबायचं, पुन्हा विकायचं. कुणी आराखडा लिहिलेला नसला तरी हे व्यवस्थापनच होतं.

या फेऱ्यातून काही झाडं कायम सुटत आली. पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठचे मोठे बेहडे, दोन सातवीण, उंबर, पिपरी, एक पोकळ आंबा. लाकूड बरं नाही, आतून पोखरलेलं, आणि एवढ्या घेराचं खोड करवत-कुऱ्हाडीने पाडायचे कष्ट परवडत नसत, म्हणून ती राहिली. मात्र आता कटर मशीन आहे, जेसीबीने दोन दिवसांत रस्ता होतो आणि बॉयलरला, वीटभट्टीला जाणारं जळाऊ लाकूड टनावर विकलं जातं. टनाच्या हिशेबात पोकळ बेहडासुद्धा माल ठरतो.

नेमकी हीच झाडं ककणेराची. ककणेर हा पक्षी, पुस्तकात त्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात; याच पट्ट्यात महाधनेशही आहे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून किंवा सुतार पक्ष्याने कोरून सुरू झालेलं भोक कुजत कुजत मोठं व्हावं लागतं, आणि खोडाचा घेरही तेवढा असावा लागतो. दहा-पंधरा वर्षांच्या फुटव्यात अशी ढोली कधीच तयार होणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. पुढचे काही महिने नर त्या फटीतून उंबर, पिपरी, काजऱ्याची फळं भरवत राहतो. त्या दिवसांत झाड पडलं तर मादी आणि पिल्लं आतच जातात. नर मेला तरी आतल्यांचं जगणं कठीण होतं.

अडचण

त्या वर्षी मूळ घराचं छप्पर पावसात एका बाजूने बसलं. गणपती याच घरात येतो, म्हणजे पुढच्या गणपतीपर्यंत घर उभं राहायलाच हवं. मुंबईकरांनी वर्गणी काढायची ठरली. काहींनी दिली, काहींनी फोन उचलणं बंद केलं. थोरल्या काकांनी श्रावणात ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदार रान फिरला, एका आकड्यावर हात मारला आणि इसार दिला. सौदा उक्ता होता : चतुःसीमेच्या आत उभं असेल ते सगळं त्याचं. इसाराच्या पैशांतून चिऱ्याचा पहिला ट्रक अंगणात येऊनही पडला.

गणपतीत दोन गोष्टी एकदम पुढे आल्या. काकांचा पुतण्या, जो ठाण्याला नोकरी करतो आणि कॅमेरा घेऊन रानात हिंडतो, त्याने सांगितलं की पऱ्यावरच्या बेहड्यात आणि वरच्या सातवीणीत ककणेर बसतो. बेहड्यातला तर त्याने सलग दोन उन्हाळे पाहिला आहे. काकांना यात नवं काहीच नव्हतं. "आमच्या लहानपणापासून बसतो तो. घर आधी होऊ दे, ककणेराचं नंतर बघू," एवढंच ते म्हणाले.

दुसरी गोष्ट अधिक वजनदार निघाली. बदलापूरच्या आत्याने सही करायला नकार दिला. वारस नोंदीत बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढली होती, पण सौदा ठरवताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आत्याचा राग ककणेरासाठी नव्हता, न विचारल्याचा होता. "माझं नाव कागदावर आहे ना? मग चहा पाजण्यापुरतंच का बोलावता?" असं तिने भर ओटीवर विचारलं. तिच्या सहीवाचून तोडीच्या परवानगीचा अर्ज पुढे सरकणार नव्हता. या नकाराने दोन महिने मिळाले. पुढे जे काही झालं ते त्या दोन महिन्यांत झालं, आणि याचं श्रेय कुठल्याही संवर्धन योजनेला नाही.

माझा संबंध इथून आला. मी मालकी जंगलांचे करारनामे लिहून देतो, आणि पुतण्याने मला मसुदा करायला बोलावलं होतं.

समोर असलेले पर्याय

कायदा दाखवून तोड थांबवायची, ही पुतण्याची पहिली सूचना. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं येतं. म्हणजे विणीच्या दिवसांत ढोलीचं झाड पाडणं हा सरळ गुन्हा आहे. पण तोड दिवाळीनंतर सुरू होणार होती, ढोली तेव्हा रिकामी. झाडाचं म्हणाल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत १६ झाडं आहेत : ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर वगैरे. बेहडा, सातवीण, उंबर त्यात नाहीत. ज्या झाडाला लाकडाची किंवा फळाची किंमत, त्याला परवानगीचं कुंपण. ज्याच्यावर पक्षी जगतात, त्याला काही नाही. शिवाय तक्रार करण्यात एक धोका होता, ज्याचा विचार बाहेरची माणसं फारसा करत नाहीत. घरट्यामुळे व्यवहार अडतो असं एकदा गावात पसरलं की पुढच्या वर्षी घरटं कुणी दाखवणार नाही, आणि ढोलीत धूर करणाराही एखादा निघेल. हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

रान अजिबात विकायचं नाही आणि त्याबदल्यात संवर्धन करार करायचा, हा दुसरा पर्याय. कोकणात असे करार झालेले आहेत. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात जमीनमालकांबरोबर हे काम बरीच वर्षं केलं आहे. धनेशाच्या ढोल्या असलेल्या बेहड्यांची फळं फेअरवाइल्ड मानांकनाखाली (रानाला धक्का न लावता माल गोळा केल्याचं प्रमाणपत्र) विकण्याचा प्रयोगही त्यांचाच. आम्ही ज्या संस्थेकडे गेलो ती वेगळी आणि लहान होती. तिने देऊ केलेली रक्कम ठेकेदाराच्या आकड्यापुढे तोकडी होती, आणि ती वर्षावर्षाने मिळणार होती. छपराला पैसा एकरकमी लागतो. काकांनी दोन मिनिटांत हिशेब केला आणि नमस्कार केला.

शेजारच्या देवराईत हे रान जोडून देवाच्या नावावर सोडावं, असं गुरवाने सुचवलं. कौल लावायचीही तयारी झाली. मुंबईकर शाखांनी ते मोडून काढलं. देवावर त्यांची श्रद्धा होती, फक्त एकदा देवाचं झालेलं रान परत मागता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौथा पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडला नाही, आणि खरी भीती त्याचीच होती. रान उक्तं विकायचं, मग जेसीबीने बुंधे काढून काजू लावायचा. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला १९९० पासून अनुदान आहे, आजूबाजूचे तीन डोंगर तसेच काजूचे झाले आहेत. तोडलेलं रान फुटव्याने परत येतं. बुंधे उपटल्यावर येत नाही. त्यामुळे तोड होणार की नाही यापेक्षा तोडीनंतर बुंधा जागेवर राहणार की नाही, हा प्रश्न मला मोठा वाटत होता. काजूविषयी माझं वैर नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तो लावावा, पऱ्याच्या उतारावर नाही.

उरला मधला मार्ग : रान विकायचं, पण उक्तं नाही. झाडं मोजून, खुणा करून, तेवढीच विकायची.

काय केलं

ठेकेदाराशी बोलणं सर्वांत कठीण जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तो व्यवहारी माणूस. "मला झाडं किती, रस्ता कुठून आणि भाव काय ते सांगा, पक्षी तुमचे," म्हणाला. अडचण दोन ठिकाणी आली. त्याचा आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरला. आणि पऱ्याच्या दोन्ही अंगांची पट्टी राखली तर ट्रकचा रस्ता वरून, लांबून काढावा लागणार होता; तो खर्च कुणी सोसायचा यावर आठवडा गेला. शेवटी तो निम्मा-निम्मा झाला.

खुणा कशा करायच्या, यावर माझा आणि पुतण्याचा वाद झाला. तो पांढरा रंग आणून राखायच्या झाडांना पट्टे मारायच्या तयारीत होता. दिसायला ते छान, फोटोही चांगले येतात. मी उलट सांगितलं : तोडायच्या झाडांना क्रमांक घाला. राखायच्या झाडावर खूण असली आणि ते पडलं, तर पट्टा लाकडाबरोबर ट्रकमध्ये जातो, मागे उरतो तो नुसता बुंधा, आणि बुंधा बोलत नाही. तोडायच्या झाडावर एक क्रमांक छातीच्या उंचीवर आणि तोच क्रमांक जमिनीलगत, कटर चालेल त्याच्याही खाली घातला, तर तोडीनंतर बिनक्रमांकाचा प्रत्येक बुंधा चोरीचा ठरतो. वनखात्याची माणसं बुंध्यावर हातोड्याचा शिक्का मारतात ते याच कारणाने. आम्ही लाल ऑइलपेंट घेतला, साल थोडी खरवडून क्रमांक घातले, छातीच्या उंचीवर घेर मोजून वहीत लिहिले. टेप धरायला आत्या स्वतः आली होती. बदलापूरहून, गुडघ्याला पट्टा बांधून. कुठली वेल कुठल्या झाडावर होती आणि शिकेकाई कुठे मिळायची हे काकांपेक्षा तिला जास्त आठवत होतं. तिच्या सांगण्यावरून दोन पिपरी आणि एक काजरा यादीतून निघाले.

ढोलीची झाडं राखायची यावर वाद नव्हताच. वाद झाला तो वाळलेल्या उभ्या खोडांवर. ठेकेदाराच्या दृष्टीने ते फुकटचं सरपण. पण सुतार पक्षी आणि तांबट कोरकाम करतात ते अशाच मऊ लाकडात, आणि त्यांनी सोडलेल्या भोकांत पुढे पिंगळे, मैना, खारी राहायला येतात. थोडी खोडं राहिली, बरीच गेली. ती तडजोड होती.

करारनाम्यात चार अटी घातल्या. बुंधे उपटायचे नाहीत. पऱ्याकडच्या बाजूला झाड पाडायचं नाही, उताराच्या वर किंवा आडवं पाडायचं. तोड जानेवारीअखेर संपवायची. आणि बिनक्रमांकाचं झाड पडलं तर लाकडाच्या किमतीच्या तिप्पट भरपाई. आत्यासह सगळ्यांच्या सह्या झाल्या. रकमेत जी तूट आली तिच्यातला काही भाग त्या लहान संस्थेने पऱ्याची पट्टी आणि ढोलीची झाडं राखण्याच्या कराराबद्दल दोन वर्षांचे पैसे आगाऊ देऊन भरला. उरलेला मुंबईच्या मंडळाने. वर्गणी न देणाऱ्यांनीही दिली, कारण आत्याने फोन केले.

निकाल

घर गणपतीआधी उभं राहिलं.

रानात निकाल संमिश्र होता. परवानगी यायला उशीर झाला, तोड डिसेंबरऐवजी जानेवारीच्या मध्याला सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चालली. त्या दिवसांत ककणेराची जोडी ढोल्या धुंडाळत फिरत असते. खाली दिवसभर कटरचा आवाज. तरी बेहड्यातली मादी बसली. मार्चमध्ये ढोलीचं तोंड लिंपलेलं पुतण्याने पाहिलं आणि मेअखेर पिल्लू बाहेर पडलं. वरच्या सातवीणीत मात्र कुणी फिरकलं नाही. पुढच्या वर्षी बेहडाही रिकामा राहिला, त्याच्या पुढच्या वर्षी जोडी सातवीणीत दिसली. ती हीच जोडी की दुसरी, हे सांगायला काही साधन नाही.

राखलेला एक उंबर गेला. वरून पाडलेला ऐन त्याच्यावर आला. ठेकेदाराने तो अपघात असल्याचं सांगितलं, बहुधा होताही. तिप्पट भरपाईची अट कागदावर होती, पण तोपर्यंत सगळे पैसे एकमेकांना पोचले होते. वसूल करायला कोर्टात कोण जाणार? बिनक्रमांकाचे आणखी काही बुंधे सापडले, बहुतेक लहान घेराचे, रस्त्यालगतचे.

छत उघडं पडलं तिथे पहिल्याच पावसाळ्यात रानमोडी हे तण माजलं. ऐन-किंजळाचे फुटवे त्यातून वर आले, पण सावलीतली रोपं दबली. पऱ्याच्या पट्टीत रानमोडी जवळजवळ नाही. त्या पट्टीत दुपारीही अंधारतं आणि शेकरूची घरटी आहेत. ती ठेकेदाराच्या पहिल्या सौद्यात गेलीच असती.

बेहड्याच्या फळांतून थोडा पैसा येईल असा अंदाज होता. पहिल्या वर्षी आला. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या बायकांनी गोळा केलेली फळं नीट वाळली नव्हती, पोत्यात बुरशी धरली आणि व्यापाऱ्याने अर्धा माल परत पाठवला. वाळवायला ओटीखेरीज जागा नव्हती, आणि ओटीवर त्या वेळी नव्या घराचं सिमेंट रचलेलं होतं.

सर्वांत मोठा धक्का लगतच्या गटातून आला. त्या मालकाने आपलं रान त्याच ठेकेदाराला उक्तं विकलं. पूर्वी दोन्ही रानं मिळून सलग होती. आता आमच्या पट्टीच्या एका अंगाला उघडा उतार आहे आणि त्यावर काजूचे खड्डे खणलेले आहेत. ककणेराला फळांसाठी लांब हिंडता येतं, पण वर्षभर पुरतील एवढे उंबर-पिपरी चाळीस एकरांत कधीच नव्हते.

पुन्हा करायचं झालं तर

पैशांचा क्रम सर्वांत आधी बदलायला हवा. भरपाईची अट कितीही कडक लिहिली तरी ती वसूल करायची ताकद सामायिक खातेदारांकडे नसते. त्यापेक्षा शेवटच्या हप्त्याएवढी रक्कम ठेकेदाराने आधीच अनामत ठेवायची आणि बुंधे मोजून झाल्यावरच ती हप्ता म्हणून धरायची, असं कलम असावं. मग मोजणीला ठेकेदार स्वतःच घाई करतो. याच्यासाठी विक्रीचा काही भाग मालकांनी थांबून घ्यायला तयार असावं लागतं, आणि छप्पर पडलेलं असताना ते अवघड असतं. म्हणून संस्थेचा पैसा आगाऊ मिळणार असेल तर तो तूट भरण्यात न घालता या थांबलेल्या हप्त्याच्या जागी वापरावा. तेवढ्याच रकमेचा उपयोग दुप्पट होतो.

तारखेचं कलम परवानगीशी बांधायला हवं होतं. "जानेवारीअखेर" हे आम्ही परवानगी वेळेत येईल असं धरून लिहिलं. त्याऐवजी जानेवारीअखेर जेवढी तोड होईल तेवढी, उरलेली पावसाळ्यानंतर, अशी वाट ठेवता आली असती. ठेकेदार कुरकुरला असता. लाल क्रमांक पावसात पुसट होतात, हेही खरं. पण दुसऱ्यांदा रंग मारणं परवडतं.

आम्ही राखलं ते आजच्या ढोलीचं झाड. उद्याच्या ढोलीचं झाड कुणी शोधलं नाही. आज मध्यम घेराचा, सरळ, निरोगी बेहडा किंवा सातवीण पुढच्या दोन-तीन तोडींत सोडला तरच तो कधीतरी धनेशाला पुरेल एवढा जाड होईल. यादी करताना असे बरेच बेहडे आम्ही तोडीला दिले, कारण त्यांत घरटं नव्हतं. दर एकराला काही वाढती झाडं नावानिशी राखायची, हे पुढच्या करारनाम्यात मी आधी घालीन.

शेजाऱ्याचा प्रश्न मात्र करारनाम्याने सुटणारा नाही. त्याच्याशी बोलणं व्हायला हवं होतं तेव्हा दोन्ही घरांत बांधावरून वाद चालू होता आणि काका त्याचं नाव काढू देत नव्हते. निदान आत्याला पाठवता आलं असतं, तिचं आणि शेजारच्या वहिनींचं जमतं. ती आता या गणपतीत जाणार आहे. शेजाऱ्याच्या गटात पऱ्याचा वरचा भाग अजून उभा आहे, ठेकेदाराला तिथवर रस्ता परवडला नव्हता. काजूचा दुसरा टप्पा तिथेच नियोजित आहे. संस्थेच्या कराराची दोन वर्षं संपली आहेत आणि नूतनीकरणाचं उत्तर अजून आलेलं नाही.